विराट पडद्यावर, आपण पडवीत: विश्वाशी एकरूप करणारे सिनेमे पाहायला सुरुवात कशी करावी

काही सिनेमांत, क्वचित मालिकांतही, एखादं दृश्य असं येतं की आपण कुठे संपतो आणि बाहेरचं जग कुठे सुरू होतं याचा काही क्षण पत्ताच लागत नाही. तारे, समुद्र, गवत, गेलेली माणसं, आपण, सगळं एकाच कशाचं तरी आहे असं वाटून जातं. मग दिवा लागतो आणि डास चावायला लागतात. अशा दृश्यांच्या वाटेला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. लिहिताना डोळ्यांसमोर कोकणातलं घर आहे: पुढे खळं, मग पडवी, मागे माड, हाकेच्या अंतरावर समुद्र आणि एकाच कोपऱ्यात येणारी रेंज.

"समोर दर्या असताना सिनेमा कशाला?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याला उलट विचारावं, शेवटचं समुद्राकडे नुसतं कधी बघितलंत? किनाऱ्यावरचा माणूस समुद्राकडे कामापुरता बघतो: वारा कुठला, भरती कितीची, ट्रॉलर किती आत घुसलेत. पर्यटक बघतो तो मोबाईलमधून. सिनेमा दोघांनाही अंधारात एका जागी बसवतो आणि उठू देत नाही. त्याचा उपयोग तेवढाच, पण तो थोडका नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर बेतलेली आहे. नुसतं विराट दाखवलं की ते पाच मिनिटांत भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं होतं. विराटाच्या शेजारी काहीतरी लहान, घरगुती, रोजच्या वापरातलं ठेवलेलं असतं तिथेच पाहणारा हलतो. म्हणून "केवढं मोठं!" म्हणण्याआधी शेजारची ती लहान गोष्ट शोधायची सवय लावून घ्या.

१. आपण कशाची वाट बघतोय?

रोमँ रोलाँ या फ्रेंच लेखकाने १९२७ साली मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉईडला पत्र लिहून या भावनेबद्दल विचारलं होतं. काठ नसलेल्या सागरासारखी ही भावना असते आणि धर्माचा खरा झरा तोच, असं रोलाँचं म्हणणं. पुढे त्यांनी रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिली. फ्रॉईडने १९३० सालच्या आपल्या पुस्तकात या पत्राचा उल्लेख करून सरळ कबूल केलं की आपल्याला स्वतःत अशी भावना सापडत नाही. तेव्हा पहिल्या रात्री काहीच वाटलं नाही तर फ्रॉईडच्या पंगतीला आहात असं समजा.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये अशा अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या. तो शब्दांत मांडता येत नाही. त्यात काहीतरी खरं कळल्याची खात्री असते. तो फार वेळ टिकत नाही. आणि आपण तो आणत नाही, तो आपल्यावर येतो. नवख्याने शेवटच्या दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात. तीन तासांच्या सिनेमात अशी दोन मिनिटं मिळाली तर तो दिवस चांगला गेला. आणि "आता वाटणार, आता वाटणार" म्हणून ताणून बसलात तर काही हाती लागत नाही.

२. जागा, हंगाम आणि लाईट

कोकणात सिनेमाचं वेळापत्रक ऋतू ठरवतो. मे महिना सोडून द्या: घरात चाकरमानी, अंगणात आंब्याच्या पेट्या आणि जवळपास कुठेतरी हळदीचा डीजे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर काढून शाकारलेल्या, माणसं मोकळी. पण पत्र्यावर सर कोसळली की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवताना दिसतात. पडवीला पत्रा असेल तर जून-जुलैत संवादांवर चालणारं काही लावू नका. कौलांखाली, माजघरात चालून जातं. गणपती गेले, गाव रिकामं झालं की खरा हंगाम सुरू होतो. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत आकाश स्वच्छ, रात्री लांब. तेवढ्या जत्रांच्या तारखा बघून ठेवा. दशावताराच्या रात्री तुमच्याकडे कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

दशावताराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आडदशावतारातला गणपती, मोरावरची सरस्वती, संकासुर हे सगळं होऊन आख्यान लागेपर्यंत मांडी घालून बसणारा प्रेक्षक या संथ सिनेमांना घाबरत नाही. शहरातल्या सिनेमाप्रेमींना जे कमवावं लागतं ते इथे लहानपणीच अंगवळणी पडलेलं असतं.

आता सामान. मोबाईलवर पाहू नका. ज्या सिनेमाचा सगळा खेळच आकारमानाचा आहे तो तळहाताएवढ्या काचेत बघून काय मिळणार? बरा टीव्ही चालेल. प्रोजेक्टर असेल तर चुना दिलेली भिंत चादरीपेक्षा चांगली, कारण खारा वारा सुटला की चादरीवरची आकाशगंगा पोट फुगवून नाचायला लागते. चादरच लावायची असेल तर वरून वाशाला आणि खालून काठीला ताणून बांधा. प्रोजेक्टर वापरून झाला की पूर्ण निवल्यावरच झाकून ठेवा आणि खोक्यात दमट हवा शोषणाऱ्या पुड्या टाका, नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. या सिनेमांत संगीत सजावटीला नसतं, अर्धं काम तेच करतं. लॅपटॉपच्या आवाजावर ते पोचत नाही. दोन साधे स्पीकर कानाच्या उंचीला, पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा.

सिनेमा आधी डाउनलोड करून ठेवा. इन्व्हर्टर नसेल आणि शेवटच्या टप्प्यात लाईट गेली तर ती आल्यावर तिथूनच पुढे सुरू करू नका. त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या रात्री अर्धा तास मागे जाऊन लावा. माणसं पाच-सहाच्या वर नकोत. चहा आधी, जेवण नंतर. फोन टोपलीत. इंग्रजी सबटायटल वाचायला कुणाला जड जात असेल तर सुरुवातीला दोन वाक्यांत गोष्ट सांगून टाका, मध्येमध्ये समजावत बसू नका.

३. पहिली रात्र: फक्त नऊ मिनिटं

सुरुवात 'पॉवर्स ऑफ टेन' या लघुपटाने करा. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९७७ मध्ये केलेला हा नऊ मिनिटांचा लघुपट यूट्यूबवर मिळतो. शिकागोत तळ्याकाठच्या बागेत एक जोडपं सहलीला आलंय. जेवण झालंय, माणूस झोपलाय. कॅमेरा वरून एक मीटरचा चौकोन दाखवतो आणि मग दर दहा सेकंदांना दहापट दूर जातो. बाग, शहर, तळं, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा, असं करत सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यापर्यंत. चोवीस पायऱ्या, चार मिनिटं. मग तिथून झपाट्याने परत येऊन त्याच झोपलेल्या माणसाच्या हातात शिरतो: कातडी, पेशी, रेणू, कार्बनचा अणू, अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन. बाहेर जसा अंधार आणि मधे तुरळक ठिपके, तसाच आत.

आमच्या पडवीत हा लघुपट लावला तेव्हा वाडीतले एक म्हातारे तांडेल येऊन बसले होते. दीर्घिका येऊन गेल्या तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. रात्री समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला ताऱ्यांचं काय कौतुक? कॅमेरा हाताच्या कातडीत शिरला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचा तळहात उजेडाकडे धरला आणि दोरी ओढून पडलेले घट्टे अंगठ्याने चाचपत राहिले. संपल्यावर एवढंच म्हणाले, "परत एकदा लाव बघूया."

लावाच. दुसऱ्या वेळी जोडप्याच्या आजूबाजूला पसरलेल्या वस्तूंकडे बघा. ती सहल तिथे नसती तर हा लघुपट शाळेतला भूगोलाचा तक्ता झाला असता.

त्याच आठवड्यात 'काँटॅक्ट' (१९९७) या सिनेमाची फक्त सुरुवात पाहा. कॅमेरा पृथ्वीपासून मागे हटत जातो आणि आपले रेडिओचे आवाज आपल्या पुढे पसरत गेलेले ऐकू येतात: जवळ आजची गाणी, लांब जावं तशा जुन्या बातम्या, आणखी लांब मग काहीच नाही. सगळं विश्व शेवटी एका मुलीच्या डोळ्यात येऊन मावतं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा. तो पडद्यावर आला त्याच्या काही महिने आधी सेगन गेले.

४. घरात आधीपासून असलेलं

परदेशी सिनेमांकडे धावण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या, तीनही आपल्या ओळखीच्या.

पहिली, प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यातलं 'आधी बीज एकले' ऐका. एका बीजातून रोप, रोपातून झाड, झाडातून पुन्हा असंख्य बीजं. हे गाणं शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं, पण ते इतकं मुरलं की आजही पुष्कळ लोक ते तुकोबांचा अभंग समजून म्हणतात. पण खरी नजर ठेवायची ती जिजाईवर. नवरा आकाशाएवढा होत चाललाय आणि हिला पोरांच्या तोंडात काय घालायचं याची चिंता. विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरची तंद्री आपल्याला खरी वाटते, कारण शेजारी गौरीची जिजाई करवादत उभी आहे. तिला काढून टाका आणि सिनेमा पोथीतल्या चित्रांसारखा सपाट होईल.

दुसरी, 'भारत एक खोज'चं शीर्षकगीत. श्याम बेनेगल यांची ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. सुरुवातीला नासदीय सूक्त, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, आणि त्याला जोडून वसंत देव यांचं हिंदी रूपांतर. संगीत वनराज भाटियांचं. सत् नव्हतं, असत् नव्हतं, अंतरिक्ष नव्हतं, आणि शेवटी हे कुठून आलं ते कुणाला ठाऊक? वर बसलेल्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. तेव्हा रविवारी सकाळी हे कानावर पडलेली पिढी आज पन्नाशीत आहे. अर्थ कळत नसतानाही अंगावर काटा यायचा असं ते सांगतात, आणि मला ते पटतं.

तिसरी, बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मधलं विश्वरूपदर्शन. त्या काळच्या ट्रिक फोटोग्राफीला आजची मुलं हसतील, हसू द्या. ते पाहण्याआधी गीतेचा अकरावा अध्याय किंवा ज्ञानेश्वरीतला तोच भाग वाचा. अर्जुन त्या रूपापुढे आनंदाने नाचत नाही, थरथर कापतो. दाढांत चिरडली जाणारी डोकी दिसतात त्याला. आणि त्या सगळ्यात त्याला आठवतं काय? तुला मी मित्र समजून 'अरे कृष्णा, अरे यादवा' म्हटलं, खेळताना, निजताना, जेवताना थट्टा केली, त्याची क्षमा कर. मग म्हणतो, ते आधीचंच रूप दाखव. एकरूपतेच्या भावनेत भीती असते, आणि माणसाला परत ओळखीच्या चेहऱ्याकडे यायचं असतं, या दोन्ही गोष्टी या अध्यायात सरळ सांगितल्या आहेत. पुढचे मोठे सिनेमे पाहताना या अध्यायाचा जितका उपयोग होतो तितका कुठल्याही समीक्षेचा होत नाही.

५. 'कॉसमॉस': आठवड्याला एकच भाग

कार्ल सेगन यांची १९८० सालची ही तेरा भागांची मालिका समुद्रकाठावरच सुरू होते. सेगन कड्यावर उभे राहून विश्वाला महासागर म्हणतात आणि आपण अजून त्याच्या काठावरच आहोत असं सुचवतात. मालिका जुनी झाली आहे, काही माहिती मागे पडली आहे, सेगन ज्यात बसून विश्वात फिरतात ती कल्पनेची नौका आज थोडी नाटकी वाटते. तरीही २०१४ मधल्या नव्या आवृत्तीपेक्षा मी नवख्याला हीच देईन. नवीत चित्रं जास्त आणि थांबणं कमी.

सगळे तेरा भाग जमत नसतील तर पहिला, नववा आणि दहावा घ्या. पहिल्यात विश्वाचं सगळं वय एका वर्षाच्या कॅलेंडरवर मांडलेलं आहे. माणसाचा लिहिलेला इतिहास त्यात ३१ डिसेंबरच्या शेवटच्या काही सेकंदांत येतो. दहाव्यात सेगन तमिळनाडूत येतात, पोंगल दाखवतात आणि कल्पांच्या हिशेबाबद्दल, नटराजाबद्दल बोलतात. आणि नवव्यात ते जेवणाच्या टेबलावरच्या 'ॲपल पाय'पासून, सफरचंद भरून भाजलेल्या गोड पदार्थापासून, सुरुवात करतात. तो अगदी पहिल्यापासून बनवायचा तर आधी विश्व बनवायला हवं, कारण त्यातला कार्बन, ऑक्सिजन सगळा ताऱ्यांच्या पोटात शिजलेला.

हा भाग पाहिलात की दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीच्या, चिऱ्यावर हात ठेवून बघा. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा. ज्वालामुखीच्या काळ्या खडकातून पावसाने बाकीची द्रव्यं लाखो वर्षं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, त्याचा हा दगड. ते लोह घडलं पृथ्वी जन्माला येण्याआधी, प्रचंड ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत. आपल्या रक्तातलं लोहही तिथलंच. सेगनने अमेरिकन प्रेक्षकाला 'ॲपल पाय' दिला, आपल्याकडे गडगा आहे.

६. आता तीन मोठे

इथपर्यंत यायला महिना-दीड महिना लागू द्या. मग तीन सिनेमे, दोहोंमध्ये निदान आठवड्याचं अंतर ठेवून.

*२००१: अ स्पेस ओडिसी* (१९६८). स्टॅन्ली क्युब्रिकचा हा सिनेमा सुमारे अडीच तासांचा. पहिली जवळपास पंचवीस मिनिटं त्यात एकही संवाद नाही आणि शेवटचा टप्पाही शब्दांविना जातो. आदिम काळातला वानरमानव हाड हवेत भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी त्या जागी अंतराळयान असतं. लाखो वर्षं एका कटमध्ये. शेवटाकडे रंगांच्या बोगद्यातून जो प्रवास होतो तो डग्लस ट्रम्बुल यांनी अरुंद फटीतून एकेक चौकट हळूहळू टिपून तयार केला. संगणकाची चित्रं त्यात नव्हतीच. लोक या बोगद्याबद्दल बोलतात. तुम्ही त्याच्या नंतरचं बघा. एक पांढरी, सजवलेली खोली, एक म्हातारा एकटा जेवतोय, आणि हात लागून त्याचा काचेचा पेला खाली पडून फुटतो. तो वाकून तुकड्यांकडे बघतो. विश्वाच्या टोकाला पोचल्यावर क्युब्रिकने दाखवलं काय, तर फुटलेला पेला. या सिनेमातला एवढा एक आवाज नीट ऐकू आला तरी प्रोजेक्टरचं भाडं वसूल.

*द ट्री ऑफ लाइफ* (२०११). टेरेन्स मॅलिक यांचा. फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि तिथेच काहींनी हुर्योही उडवली. टेक्सासमधल्या एका घरात मुलगा गेल्याची तार येते. आईचा प्रश्न: असं का? आणि सिनेमा उत्तर म्हणून थेट विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतो: तेजोमेघ, लाव्हा, पहिल्या पेशी, डायनोसॉरसुद्धा. इथेही ट्रम्बुल मदतीला होते. पाण्याच्या टाक्यांत रंग, रसायनं, धूर सोडून वेगवान कॅमेऱ्याने टिपलेले ते तेजोमेघ आहेत, म्हणून ते ओले आणि जिवंत वाटतात. या भागात झोप येत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. पण डोळे उघडे असतील तेव्हा आईचा प्रश्न मनात धरून ठेवा. प्रश्न सुटला की तो भाग नुसती रंगपंचमी होतो.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा सिनेमा पुढे ढकला. दिवस-कार्य होऊन काही काळ जाऊ द्या.

*सोलारिस* (१९७२). आंद्रेई तारकोव्स्कीचा. एका ग्रहावर विचार करणारा महासागर आहे, आणि तो माणसाच्या आठवणींतली माणसं परत करतो. कथा अंतराळाची, पण सुरुवात ओढ्यातल्या हलणाऱ्या शेवाळाने. मग पाऊस येतो, नायक आत पळत नाही, टेबलावरच्या चहाच्या कपात पाणी साठत जातं. हा एक सिनेमा मी मुद्दाम पावसाळ्यासाठी राखून ठेवायला सांगेन. कौलांवरचा पाऊस आणि पडद्यावरचा पाऊस यांची सरमिसळ होते तेव्हा आवाज वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. हा पावणेतीन तासांच्या घरातला आहे. दोन रात्रींत विभागला तरी चालतो; सिनेमा दोन भागांतच आहे.

'कोयानिस्कात्सी' (१९८२) आणि 'बराका' (१९९२) यांची नावं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. दोन्ही निःशब्द, दोन्ही देखणे. पहिल्याला फिलिप ग्लासचं संगीत. माझं मत, सुरुवातीला नकोत. त्यांत धरायला एकही ओळखीचं माणूस नाही, त्यामुळे नवखा प्रेक्षक दहाव्या मिनिटाला "फोटोग्राफी काय आहे!" असं म्हणायला लागतो. तिथे खेळ संपला.

७. मालिकांतली बोलणी

टीव्हीवर ही भावना बहुतेक वेळा दृश्यातून येत नाही, बोलण्यातून येते. बजेट कमी, वेळ भरपूर. मग एखादं पात्र दुसऱ्याला मरणाबद्दल काहीतरी सांगतं. 'द गुड प्लेस' या विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागात (२०२०) एक जण आपल्या प्रिय व्यक्तीला लाटेचं उदाहरण देतो: लाट दिसते, तिची उंची मोजता येते, मग ती किनाऱ्यावर फुटते आणि पाणी तिथेच असतं. किनाऱ्यावर वाढलेल्याला हे उदाहरण आधी गुळगुळीत वाटेल. कीर्तनात ते कितीदा ऐकलेलं असतं! पण चार सीझन त्या दोघांची भांडणं बघितल्यावर ते ऐकलं की घसा दाटतो. म्हणून तेवढीच क्लिप पाहू नका.

'मिडनाइट मास' (२०२१) ही सात भागांची मालिका मच्छीमारांच्या एका लहान बेटावर घडते: पडके धक्के, रोडावलेली मासळी, गाव सोडून गेलेली पोरं. ओळखीचं वाटतंय ना? शेवटच्या भागात मरताना एक बाई सगळ्या विश्वाशी आपलं नातं सांगते, आणि ते बोलणं चांगलं उतरलंय. मात्र ही भयमालिका आहे, रक्तपात भरपूर. पोरांना झोपवूनच लावा.

८. कोकणातले दोन, आणि एक सावधगिरी

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर पुरस्कार घेऊन आला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला शहरी मुलगा. त्यात विश्व वगैरे शब्द नाहीत. मित्र पुढे निघून जातात, हा पावसात किल्ल्यात एकटा मागे राहतो, काळ्या भिंती, पाणी, आणि त्याचं घाबरणं. आधीचं सगळं पाहून झाल्यावर हे दृश्य पाहा. अर्जुनाची भीती इथे अकरा वर्षांच्या पोराच्या अंगात दिसते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) वेगळ्या कारणासाठी पाहायचा. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष देवराईशी इतका जोडला गेलाय की तिथलं झाड आणि आपण यातली रेघ त्याच्यापुरती खरंच पुसली गेली आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. सिनेमा त्या आजाराला गूढतेचा सोनेरी वर्ख लावत नाही. बहिणीची ओढाताण, औषधं, उपचार सगळं दाखवतो. एकरूपतेच्या सिनेमांच्या कुठल्याही यादीत हा मी बसवतो, कारण बाकीचे बहुतेक ही भावना आली की आनंदीआनंद असं धरून चालतात.

तेव्हा सावधगिरी अशी. पाहणाऱ्यांपैकी कुणाला मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर मोठे सिनेमे लावण्याआधी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. पाहून झाल्यावर कुणी दिवसेंदिवस झोपत नसेल, विश्व आपल्याला खास निरोप देतंय असं म्हणत असेल, तर देवस्कीकडे नेण्यात वेळ घालवू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि डॉक्टर आहेत.

९. पाहून झाल्यावर

लगेच चर्चा नको. "तुला काय वाटलं?" हा प्रश्न किमान पंधरा मिनिटं कुणी विचारायचा नाही, असा नियमच करा. चप्पल घाला आणि बाहेर पडा. पुळणीवर जायचं तर भरतीची वेळ आणि वाट माहीत असलेलं माणूस सोबत घ्या. अवसेच्या आसपास, हिवाळ्याच्या दिवसांत, लाटा फुटताना कधीमधी निळ्या चमकतात. तो सूक्ष्म जीवांचा उजेड. दिसला तर नशीब.

दिवसा वेळ असेल तर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जा. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. कोरणाऱ्याने तो पूर्ण बघितला असेल का, हा प्रश्न मला क्युब्रिकच्या कुठल्याही बोगद्यापेक्षा जास्त छळतो. कातळशिल्पांवर चढू नका, त्यांच्यात खडू भरू नका.

वहीत दोन ओळी लिहिल्या तर बरं: कुठल्या क्षणी वाटलं, आणि तेव्हा पडद्यावर नेमकं काय होतं. पाच-सहा सिनेमांनंतर तुमचा स्वतःचा कल कळतो. कुणाला आवाजाने होतं, कुणाला चेहऱ्याने, कुणाला रिकाम्या खोलीने. पुढची निवड त्या वहीवरून करा, माझ्या यादीवरून नव्हे.

आणि नक्कल ओळखायला शिका, कारण कोकणात तिचा सुकाळ आहे. ड्रोन वर जातो, खाली माडाच्या बागा, बासरी वाजते, एक भारदस्त आवाज निसर्गाशी एकरूप व्हायला सांगतो आणि शेवटी होमस्टेचा नंबर येतो. असा व्हिडिओ आला की आवाज बंद करा आणि त्यात एक तरी माणूस काही काम करताना दिसतंय का ते शोधा. नसेल तर पुढे सरका.